पाना देणारा हात

अठ्ठावन्न सालचा वैशाख होता. अब्दुल गनी मिस्त्री दारव्ह्याच्या बाजारातल्या आपल्या दुकानाची फळी उघडत होता, तोच विठ्ठलराव बैलगाडी घेऊन दारात उभे राहिले. मुलीच्या लग्नाच्या दिवशी नवरीचा बाप स्वतः बैल हाकत आला, म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलं असणार.

"गनीभाई, विहिरीवरचं इंजिन बंद पडलं," विठ्ठलराव म्हणाले. "संध्याकाळी कोकिळाचं लगन. चारशे मानूस जेवाले येऊन राह्यलं, अन् गावात पानी हाय ते माह्याच विहिरीत."

गनीने पान्यांची पिशवी उचलली आणि गाडीत बसला. त्या भागात इंजिनाला हात लावणारा तोच एक होता.

विहीर मळ्यात होती, चांगली साठ हात खोल. पाणी तळाशी गेल्यामुळे इंजिन आतच, खालच्या दगडी ओट्यावर बसवलेलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. मांडवात सनई चालली होती, चुलवणापाशी बाया गाणी म्हणत होत्या. गनी पायऱ्या उतरू लागला तशी सनई बारीक होत गेली आणि डोक्यावरचं आभाळ भाकरीएवढं उरलं. पिशवी त्याने कोरड्या पायरीवर ठेवली आणि कंदील व एक पाना घेऊन तो ओट्यावर उतरला. खाली अंधार, ओल्या दगडाचा गारवा, आणि कुठूनतरी ठिबकणारं पाणी. टप... टप...

विठ्ठलराव काठावर बसून राहणार होते, पण पाहुण्यांची गाडी आली आणि ते उठून गेले.

गनीने झाकण खोललं. कामात गुंतला की त्याला सोबतीचं भान राहत नसे. मान न वळवता त्याने हात मागे केला. "अर्धा इंची."

पाना हातात पडला.

त्याने एक नट सैल केला. दुसरा केला. मग त्याचा हात जागीच थांबला. पिशवी तर चार पायऱ्या वर होती.

"कोन हाय...?"

ठिबकणारं पाणीसुद्धा थांबलं होतं. भर वैशाखात त्या विहिरीत ओल्या बांबूचा, कुजक्या पाल्याचा वास दाटून आला. गनीच्या अंगावर सरसरून काटा आला. हा वास त्याच्या ओळखीचा होता.

चौदा वर्षांपूर्वी तो फौजेत होता आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात ट्रक हाकत होता. एका घळीत ट्रक बंद पडला, बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. तिथेच बांबूच्या बेटात एक जपानी शिपाई पडलेला दिसला. मांडी फाटलेली, जवळ हत्यार नाही, ओठ वाळून गेलेले. गनीने बंदूक रोखली. तो गडी गनीच्या कमरेच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिला. शेवटी गनीने बंदूक खाली ठेवली आणि त्याला पाणी पाजलं. मग तो इंजिनाशी झटू लागला, तर जपानी सरपटत आला, पाने मांडून बसला, आणि न मागता हवा तोच पाना पुढे करू लागला. तोही मिस्त्रीच होता. एकाचा शब्द दुसऱ्याला कळत नव्हता, पण दिवसभर दोघे एकमेकांच्या चुकांना हसले. इंजिन धडधडलं तेव्हा त्याने लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. दिवस मावळायच्या आत तो गेला. गनीने त्याला माती दिली आणि येत होती तेवढी दुआ मागितली.

लोक लढाईचं विचारत तेव्हा गनी फौजी भटारखान्यातल्या गमती सांगून वेळ मारून नेई. ही गोष्ट त्याने फक्त बायकोला, अनवरीला सांगितली होती. मी त्याला मारायला गेलो होतो आणि तो मला, असं गनीने तिला सांगितलं होतं, पण त्या दिवशी दोघांना एकच हवं होतं. गाडी चालू व्हावी.

"तूच का रे...?" गनी पुटपुटला आणि हात पुन्हा मागे केला. या वेळी त्याने माप सांगितलं नाही. पाव इंची पाना तळहातावर आला, हवा होता तोच, पुसून लख्ख केलेला. देणाऱ्याची बोटं त्याला ओझरती लागली. बर्फासारखी गार होती.

मागे वळून बघायचा धीर त्याला झाला नाही. पण चार-पाच पाने असे हातात आले आणि छातीतली धडधड बसत गेली. घाईत त्याने एक नट उलटा फिरवला, तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं. गनीलाही हसू फुटलं. त्या खोल विहिरीत तो कितीतरी वेळ हसत होता.

इंजिन सुरू झालं. वर पाट वाहू लागला, बायांचा कल्ला खालपर्यंत आला. पण धूर वर नेणारा नळ तडकला होता आणि धूर विहिरीतच साठत होता. कळायच्या आत गनीचे गुडघे गेले. डोळे मिटू लागले, गोड झोप येऊ लागली. हा मला न्यायला आला, एवढंच त्याच्या मनात आलं...

तेवढ्यात दोन गार हात त्याच्या काखेत शिरले. एक पायरी. दुसरी. तिसरी. एक पाऊल टेकत होतं, दुसरं दगडावर घासत येत होतं.

विठ्ठलराव धावत आले तेव्हा गनी काठावर उन्हात उताणा पडला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा हसरा होता.

"पानी घेऊन घ्या," तो म्हणाला, "पन खाली कोनी उतरू नका."

संध्याकाळी लग्न थाटात लागलं. रांजण, हंडे, घंगाळं काठोकाठ भरली होती. गनी मांडवाच्या खांबाला टेकून कोकिळाच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता बघत होता आणि त्याला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात विठ्ठलरावांची बहीण इंदुताई हळदीची वाटी घेऊन त्याच्यापाशी आली.

"गनीभाऊ, तुमच्या संगचा मिस्त्री कुठला हो?"

"कोनता...?"

"तो ठेंगणा. विहिरीतून तुमच्या मांगून निंघाला, लंगडत होता तो. मी म्हनलं, जेवल्याबिगर जाऊ नका, तर कमरेतून वाकला माह्यापुढं. लई वाकला. हळद लावली मी त्याले." तिने आपली बोटं एकमेकांवर चोळली. "कपाळ इतकं गार काहून होतं त्याचं...?"

"मंग... गेला कुठं?"

"जाईन कुठं? आत्ताच पंगतीत बसवलं म्या त्याले."

गॅसबत्तीच्या उजेडात पंगत बसली होती. सगळ्या रांगेत टोकाच्या एकाच पत्रावळीपुढे कुणी दिसत नव्हतं. तिच्या पलीकडे बसलेले बंजारा तांड्याचे लालसिंग नाईक अंगावर उपरणं ओढून घेत होते. "इकडून गार वारं येऊन राह्यलं," ते कुरकुरले.

गनी गेला आणि त्या पत्रावळीच्या अलीकडे आणखी एक पत्रावळ मांडून बसला. वाढपी बुंदी घेऊन आला.

"याले बी वाढ," गनी हळूच म्हणाला.

वाढप्याने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि रिकाम्या जागेपुढे बुंदी वाढली. गनीने मान वळवली नाही. तो जेवत राहिला. शेजारी वाळली पानं हलल्यासारखी चुरचुर चालली होती.

थोड्या वेळाने वाढपी परत आला. त्याने खाली रिकाम्या झालेल्या त्या पत्रावळीकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिच्यावर पुन्हा बुंदी वाढली.