भागिले सहा

बिलाचं फोल्डर रिकामं होतं. टिप नव्हती, बिलही नव्हतं.

"कुठली टिप? यात काहीच नव्हतं," वेट्रेस म्हणाली आणि हिशेबनीसाचा आवाज चढला. टेबलावर विसरलेला चष्मा न्यायला तो परत आला होता. येताना उगाच मोठेपणा मिरवत 'टिप मिळाली ना?' असं विचारून बसला. दोन मिनिटांत विमा कंपनीच्या शाखेची सगळी मंडळी फुटपाथवरून उलट्या पावली हॉटेलात हजर झाली.

मालक गल्ल्यावरून उठून आला. "आमच्याकडे टिप या बरणीत पडते आणि सगळ्यांत वाटली जाते. जो परस्पर खिशात घालतो, तो त्याच दिवशी घरी जातो. काय गं, घेतलीस?"

"नाही हो, आईशप्पथ नाही." वेट्रेसने फोल्डर उलटं करून दाखवलं. "महिनाभर झाला नाही मला लागून. असलं कसं करेन?"

"चोर कधी हो म्हणतो का?" शाखेचे साहेब गरजले. "पोलिसांना बोलवा!"

बाईंनी खुर्ची ओढली आणि निवांत बसल्या. जेवण त्यांच्याच निरोपाचं होतं. विम्याचे खोटे दावे उकरून काढण्यात त्यांची नोकरी सरली होती, त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं राहिलं नव्हतं. या सहा सहकाऱ्यांबद्दल तर मुळीच नाही. निरोपाच्या या दुपारच्या जेवणातही ही मंडळी एकमेकांच्या ताटावर डोळा ठेवून होती. साहेबांनी बाईंना वगळून मोबाइलवर आकडे बडवले आणि "बिल अधिक दहा टक्के, भागिले सहा" असं जाहीर केलं. टायपिस्ट बिचारी नुसत्या सूपवर उठली होती. तिच्याकडूनही त्यांनी पुरता वाटा रोख वाजवून घेतला. "कंपनी निरोपाला दमडी देत नाही, मी तरी काय करू?" हे वर ऐकवलं.

"टिप कोणी ठेवली?" बाईंनी विचारलं.

"मी. सगळ्यांदेखत," साहेब म्हणाले. "बिल कार्डावर भागवलं, टिप रोख ठेवली."

"कशी ठेवली?"

"कशी म्हणजे? फोल्डरात."

"नोटा बिलातच गुंडाळल्या होत्या की," हिशेबनीस म्हणाला. "पुडी बांधतात तशा."

साहेबांचा हात कोटाच्या वरच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"मग?"

"मग आपण भिंतीपाशी फोटोला उभे राहिलो आणि तसेच बाहेर पडलो," हिशेबनीसानेच सांगितलं.

बाई वेट्रेसकडे वळल्या. "फोल्डर कधी उचललंस?"

"तुम्ही सगळे गेल्यावर. खरं तर बिल मी दोनदा काढलं होतं. आधीच्यावर नाव नव्हतं, या साहेबांना नाव हवं—"

"जाऊ द्या हो!" साहेब मध्येच म्हणाले. "गरीब पोरगी आहे. चार पैशांसाठी कशाला कोणाच्या पोटावर पाय? चला, उशीर होतोय." त्यांनी घड्याळ पाहिलं.

बाईंना गंमत वाटली. आगीत नवरा गमावलेल्या बाईचा दावा या माणसाने सहीच्या वळणावरून परत पाठवला होता. त्याला आज दया आली होती.

"तुम्ही जाऊ द्याल, मी नाही देणार," मालक म्हणाला. "एप्रन काढ गं."

वेट्रेसने रडत पाठीमागची गाठ सोडली.

"थांब," बाई म्हणाल्या. "फोटो दाखवा."

टायपिस्टने फोन पुढे केला.

"जेवायला आपण सात होतो. यात सहा आहेत. सातवा?"

"साहेब. तेच काढत होते ना."

"टेबलाला टेकून. आणि आपण सगळे बावळटासारखे कॅमेऱ्याकडे बघत होतो."

"माझ्यावर संशय?" साहेब लालबुंद झाले. "दीडदमडीच्या टिपेसाठी?"

"छे! टिपेचं तुमच्या मनातही नव्हतं. तुम्हाला बिल हवं होतं." बाई शांतपणे बोलत होत्या. "भागवलेलं बिल कोण जपून नेतं? ज्याला ते आणखी कोणाकडून वसूल करायचं असतं, तो. म्हणून तर त्यावर कंपनीचं नाव हवं होतं. निरोपाचा खर्च कंपनी देते, हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत. यांच्याकडून रोख घेतली, उद्या तेच बिल कंपनीकडे लावणार होतात. फोटोच्या गडबडीत बिल खेचलंत, पण पुडी आपणच बांधलीय हे विसरलात."

साहेबांनी दाराकडे पाहिलं.

"इथपर्यंत तुम्ही नुसते भामटे होतात. हिशेबनीस 'पुडी' म्हणाला आणि तुमचा हात खिशावर गेला. तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. खिसा उलटा केला तर तुमची लबाडी उघडी पडणार होती. नाही केला तर या पोरीची नोकरी जाणार होती. तुम्ही घड्याळ बघितलंत. मी पुष्कळ हलकट बघितलेत, साहेब, पण त्यांना निदान मोठी रक्कम लागायची."

मालकाने हात पुढे केला. साहेबांनी खिशातून पुडी काढली. बिलाच्या माथ्यावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं होतं. हिशेबनीसाने सवयीने नोटा मोजल्या आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ही तर निम्मीच टिप आहे!"

"म्हणून तर पुडी बांधली होती," बाई म्हणाल्या. "आता हिशेब नव्याने. बिल अधिक दहा टक्के, भागिले एक. टायपिस्टबाईंचे पैसे आधी परत करा."

साहेबांनी पाकीट उघडून सगळ्यांचे पैसे आणि उरलेली टिप मोजून दिली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, बिल तेवढं माझ्याकडे राहू द्या. आज तुमचा शेवटचा दिवस. कशाला जाता जाता कटुता?"

"दिवस पाच वाजता संपतो," बाईंनी बिलाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "तोवर तपास माझ्याकडेच आहे."

वेट्रेसने डोळे पुसले, एप्रनची गाठ पुन्हा बांधली आणि पुरती टिप बरणीत टाकली.