स्पीकर नसलेला रेडिओ

“पेटी शोभेला ठेवा. आत हात घालू नका.”

रेडिओवाल्या काकांनी हे दोनदा सांगितलं होतं. ताईने दोन्ही वेळा मान डोलावली आणि जिना उतरेपर्यंत विसरूनही गेली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. हे सगळं तिने मला स्वतः सांगितलंय आणि यातलं काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पटेल न पटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षीचा मार्च. दुसरा रविवार. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर आणि बाहेर लख्ख ऊन.

भावोजी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. सुट्टीच्या दिवशी त्यांचे हात शिवशिवतात. “घरातलं चालू यंत्र यांना बघवत नाही,” असं ताई म्हणायची. महिन्याभरापूर्वी काकांनी आपलं दुरुस्तीचं दुकान मोडलं, तेव्हा हा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ भावोजींना असाच देऊन टाकला.

लाकडी पेटी, पुढे कापडी जाळी. आतून मात्र अर्धी रिकामी. दोन बटणं नव्हती. स्पीकर नव्हता. आणि पाच व्हॉल्व्हपैकी एक नव्हता. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा लहानसा दिवा. तो तापला की रेडिओ बोलायला लागतो.

बटणं भावोजींनी मोडक्या खुर्चीच्या पायातून कोरून काढली. व्हॉल्व्ह भंगारातल्या दुसऱ्या रेडिओतून मिळाला. स्पीकर तेवढा मिळत नव्हता.

ताईचं लक्ष गेलं ते व्हॉल्व्हच्या रिकाम्या जागेकडे. तिथल्या वायरी सोडवून प्रत्येकीच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. अगदी नीट, बोटाला पट्टी बांधावी तशी.

“अहो, हरवलेल्या पार्टच्या जागी कुणी टेप लावतं का? हा मुद्दाम काढलाय.”

“मग? आम्ही नाही का एका लिफ्टचा पार्ट काढून दुसरीला लावत? तुला सगळ्यात भूत दिसतं.”

“भूत नाही, टेप दिसतेय.”

“बरं, मग टेपला घाबर.”

ताईच्या काळजीखोरपणाची घरात थट्टाच व्हायची. मुलगी दहा महिन्यांची. सगळे तिला पिटुकली म्हणायचो. ती झोपली की ताई दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

त्या रविवारी दोनच्या सुमारास पिटुकलीला आतल्या खोलीत, लाकडी कॉटमध्ये ठेवलं होतं. झोप आलेली, पण झोपायचं नव्हतं. भोकाड पसरलं होतं.

मागच्या खोलीत भावोजींनी वायरी जोडल्या. व्हॉल्व्ह बसवला. तो पेटतो का बघायला बटण फिरवलं.

काचेत नारिंगी तार पेटली.

आणि...

पिटुकली गप्प झाली.

हुंदका नाही, कुरकुर नाही. रडण्याच्या अगदी मधेच.

“झोपली बाई एकदाची,” ताई म्हणाली. जागी होईल म्हणून ती आत डोकावलीही नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या. चहा केला. दहा महिन्यांत पहिल्यांदाच तिने तो गरम असताना संपवला.

साडेतीनला भावोजींनी हळूच हाक मारली. “ये गं, ऐक. काहीतरी लागलंय.”

ती गेली. पेटीतून खरखर येत होती. आणि खरखरीच्या मागे... एक मूल रडत होतं.

“नाटक असेल कुठलंतरी,” भावोजी म्हणाले. “काय रडतंय बघ. खरं वाटावं असं.”

त्यांनी आवाज वाढवला.

रडणं मोठं झालं. घसा बसलेलं, धाप लागलेलं. दोघं स्टुलावर बसून ऐकत राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं.

मग ताईला छातीशी ओलं लागलं. ब्लाउज भिजला होता. पाजणाऱ्या बाईला माहीत असतं, परक्या मुलाच्या रडण्यानंही कधी पान्हा फुटतो. पण असा नाही.

तिने पेटीच्या मागे पाहिलं.

“अहो...”

“काय?”

“याला स्पीकर कुठाय?”

भावोजींचा हात बटणावरच राहिला.

ताई धावली. आतल्या खोलीचं दार ढकललं...

पिटुकली जागी होती. तिचा पाय कॉटच्या दोन दांड्यांमध्ये अडकला होता. गुडघ्याखाली सुजून जांभळा पडलेला. तोंड पूर्ण उघडं. डोळ्यांतून धारा. सगळं अंग रडण्याने उडत होतं.

आणि खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आवाज येत होता तो मागच्या खोलीतून.

दीड तास. दीड तास ती आईला बोलावत होती, आणि आई चहा पीत होती. ताई अजूनही हे वाक्य पुरं करू शकत नाही.

भावोजींनी घाबरून तापलेला व्हॉल्व्ह उपटून काढला. बोटं भाजली. पेटी गप्प झाली.

पिटुकलीचं तोंड तसंच हलत राहिलं. निःशब्द.

व्हॉल्व्ह परत घातला, तर नुसती खरखर. जो काही आवाज उरला होता, तोही त्यांच्या हातांनी गेला.

डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले.

बुधवारी सकाळी दोघं मुलीला घेऊन काकांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. दोघं रेडिओ आणायला गेली होती तेव्हा याच काकूंनी खुणेनं पाणी विचारलं होतं. काका तेव्हा म्हणाले होते, हिची वाचा गेली त्याला तीस वर्षं झाली.

“या ना, आत या,” काकू म्हणाल्या.

ताईचे पाय उंबऱ्यातच थांबले.

केस पांढरे, चेहरा सुरकुतलेला. आवाज मात्र कोवळा. तीस वर्षं कुठेतरी जपून ठेवल्यासारखा.

“रविवारी आला बघा,” त्या सांगत सुटल्या. “दोन वाजून गेले होते. भाजी चिरताना बोट कापलं, आई गं म्हटलं, आणि मलाच ऐकू आलं. बाळ किती गोड आहे हो तुमचं. अजिबात रडत नाही.”

काका खिडकीबाहेर बघत होते.

“मी सांगितलं होतं,” ते एवढंच म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं हे ऐकणार नाहीत. म्हणूनच यांना दिलात,” ताई म्हणाली.

काकांनी नाही म्हटलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “व्हॉल्व्ह काढलात ना? मग पेटी घरात ठेवू नका. यांच्यासारखाच, जोडून बघितल्याशिवाय न राहणारा कुणीतरी शोधा.”

“लाज नाही वाटत तुम्हाला?” ताई म्हणाली.

“वाटते. तीस वर्षं काढली, मगच दिला.”

ताईने तेव्हा शपथ घेतली होती, असलं पाप करणार नाही. पेटी माळ्यावर गेली. पिटुकलीच्या मनगटाला छोटी घंटी बांधली. ताई तिच्या छातीवर हात ठेवून झोपायला लागली. दिवाळीच्या काय, कसल्याच सुट्टीत कुठे गेली नाही. जानेवारीत मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा पिटुकली माझ्यासमोर पायरीवरून पडली. कपाळ फुटलं. तोंड उघडलं... आणि मी पाठ फिरवली असती, तर मला कळलंही नसतं.

ताईने रक्त पुसलं आणि बराच वेळ माळ्याकडे बघत बसली.

परवा तिचा फोन आला. मागे कुणीतरी ओरडत होतं. “आई, आई, आई.”

मला रडूच आलं. “ताई, ही पिटुकली?”

“मंगळवारपासून. सकाळी अकराला. अचानक.”

मग मला सुचायला नको होतं ते सुचलं. “रेडिओ कुठाय?”

पलीकडे बराच वेळ फक्त पिटुकलीचा आवाज.

“ती बोलतेय ना,” ताई म्हणाली. “तू तेवढंच बघ.”

फोन ठेवला. रेडिओ कुणाला दिला, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही, कारण माझंही बाळ पाच महिन्यांचं आहे, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं हे मला नक्की माहीत नाही.

पण या मंगळवारी सकाळी अकरा वाजता कुठल्यातरी घरात कुणीतरी गप्प झालंय.

ते घर तुमचंही असू शकतं. आतल्या खोलीत कुणी झोपलं असेल, आणि तुम्ही निवांत हे वाचत असाल, तर आधी उठा. आत जा. नुसते कान देऊ नका, डोळ्यांनी बघून या.