बाहेरून धरणारा

लेकीच्या दारात बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंग होतं, त्याला कॅमेरा जोडायचा, एवढंच काम होतं. रिंगमास्तरांनी याहून विचित्र कामं केली होती.

रिंगमास्तर हे नाव फोटोवाल्यांनी चेष्टेनं पाडलेलं. सर्कशीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. लेन्सच्या तोंडाला बारीक आटे असतात, त्यात फिल्टर बसतो. पण लेन्स एका मापाची आणि फिल्टर भलत्याच मापाचा निघाला, की दोघांच्या मधे एक रिंग लागते, एका अंगाने याच्या मापाची, दुसऱ्या अंगाने त्याच्या. नेहमीची मापं बाजारात मिळायची. जे कुठेच मिळायचं नाही, ते मास्तर आपल्या लेथवर काढून द्यायचे. "न जुळणारं काही नसतं, मधे कुणीतरी लागतं," असं ते वर ऐकवायचेही. जावयाशी भांडण झालं की लेक हेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकायची.

दुकानात ते एकटेच असत. हाताखालचा माणूस चांगली नोकरी लागून गेला, आणि दुसऱ्याला शिकवत बसायचा मास्तरांना कंटाळा. त्या माणसाची आठवण यायची ती एकाच कामात. दोन रिंगा एकमेकींत जाम बसल्या, की एकट्याने सुटत नाहीत. चिमटीत घट्ट धरायला जावं तर पातळ रिंग दबून लंबगोल होते आणि दुसरीला अधिकच आवळते. एकाने रबराचा तुकडा लावून दोन्ही तळव्यांत ती अलगद धरायची, दुसऱ्याने फिरवायची, असं ते दोघांचं काम. अडकलेल्या जोड्यांनी मास्तरांचा एक डबा भरत आला होता.

लेकीने फोनवर भिंगाचं काढलं तेव्हा ते हसले. "दाराला कॅमेरा? चोरांचे फोटो विकायला घेतेस की काय?" ती घरी बसून दुकानदारांसाठी घड्याळं-दागिन्यांचे फोटो काढायची, म्हणून ही थट्टा.

लेक हसली नाही. "बाबा, टिकलीसाठी हवंय."

टिकली म्हणजे नात. शाळेतून आली, जेवली, की ती स्टूल ओढत दाराशी न्यायची, भिंगाला डोळा लावायची आणि कुजबुजत बसायची. कुणाशी गं, विचारलं तर "काकांशी." लेक पाहायची तेव्हा बाहेरचा व्हरांडा रिकामा. पोरांचे खेळ असतात, म्हणून आधी सगळ्यांनीच हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी लेक अंघोळ करून बाहेर आली, तर दाराची साखळी काढलेली, कडी अर्धी सरकवलेली, आणि टिकलीच्या पायात चपला.

"काका म्हणतात, फिरायला चल," टिकली म्हणाली.

"माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही हो," लेक म्हणाली. "कॅमेऱ्याला तरी दिसेल. हातात धरून लावला, पण बाजूने उजेड शिरतो, फोटोत नुसता पांढरा धूर येतो. मधे फट राहायला नको."

मास्तरांनी तसंच एक भिंग बाजारातून आणून त्याची मापं घेतली आणि रिंग काढली. एक तोंड लेकीच्या लेन्सचं, दुसरं दारातल्या भिंगाच्या नळीचं. दुपारच्या जेवणानंतर ते लेकीकडे पोचले.

लेकीचं घर लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला. तिथं दुपारीही दिवा लावावा लागे. त्या वेळी सगळी बिऱ्हाडं कामावर, सगळी दारं बंद. मास्तरांना आपल्याच चपलांचा आवाज नकोसा झाला. दाराजवळ नुकती काडी विझवल्यासारखा वास होता. कुणीतरी चोरून बिडी ओढत असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी घंटा वाजवली.

टिकली आतल्या खोलीत झोपली होती. मास्तरांनी भिंग नीट न्याहाळलं. असल्या भिंगाचे दोन भाग असतात. काच असलेली नळी बाहेरून येते, दुसरी आतून, आणि दाराच्या जाडीत दोन्ही आट्यांनी एकमेकींत बसतात. रिंग बसवायला आतली काढायची तर बाहेरची कुणीतरी धरावी लागते, नाहीतर दोन्ही मिळून गरगर फिरत राहतात. त्यात इथं वर्षानुवर्षांचा रंग बसलेला. आतल्या बाजूलाच दोन्ही हात लागणार होते.

"तू बाहेर जाऊन धर," ते लेकीला म्हणाले.

स्वयंपाकघराचं दारही त्याच व्हरांड्यात उघडायचं. "तिकडूनच जाते," म्हणत ती आत गेली. मास्तरांनी दार हलू नये म्हणून कडी लावली, रबराचा तुकडा नळीवर दाबला आणि थोडं थांबून हाक दिली.

"धरलंस?"

बाहेरून टकटक झालं. दोनदा.

मास्तरांनी जोर लावला. रंग कटकन तुटला आणि नळी लोण्यासारखी फिरू लागली. बाहेरचा भाग तसूभरही हलत नव्हता. चाळीस वर्षांत इतकं नेमकं धरणारा हात त्यांना मिळाला नव्हता. "शाब्बास!" ते मनापासून म्हणाले. "असं धरणारं कुणी मला दुकानात मिळालं असतं, तर अडकलेलं एक काम राहिलं नसतं बघ."

"बाबा, थांबा हं जरा..."

आवाज पाठीमागून आला. लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, हातात फडकं. "दूध उतू गेलं सगळं. आता जाते बाहेर धरायला."

मास्तरांच्या हातात आतली नळी सुटून आली होती. आटे पूर्ण उलगडले होते. बाहेरचा भाग आता कशालाच अडकलेला नव्हता. तो खाली पडायला हवा होता... पण तो जागच्या जागी होता. मग तो हळूहळू मागे सरकला, आणि भोक मोकळं झालं. व्हरांड्यात दिवा होता, तरी भोकातून उजेड आला नाही. विझल्या काडीचा वास तेवढा आत आला.

लेकीने धावत येऊन कडी काढली आणि दार सताड उघडलं. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. बाहेरची नळी कुठेच नव्हती.

"गेले काका," टिकली म्हणाली. ती डोळे चोळत आतल्या दारात उभी होती. "ते आता आजोबांकडे काम करणार. आजोबांनीच बोलावलं ना?"

मास्तर त्याच संध्याकाळी भोकासाठी झाकण करून घेऊन आले. दोन भाग, एक आतून, एक बाहेरून, एकमेकांत पक्के आवळलेले. आतल्या भागाच्या कडेला त्यांनी सवयीप्रमाणे कानसीने आपली खूण केली. "आतून कुणी धरल्याशिवाय बाहेरून हे सुटायचं नाही," ते लेकीला म्हणाले. "निर्धास्त झोप." टिकली त्यानंतर दाराकडे फिरकली नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला.

मास्तरांचा मात्र टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर लेथवर ती हरवलेली बाहेरची नळी ठेवलेली होती, स्वच्छ पुसून. त्यांनी ती चिंधीत गुंडाळून खणात टाकली. दिवसभर पाठीला भिंत लावून काम केलं. दुपारी एक घाईचं गिऱ्हाईक जाम झालेल्या रिंगा घेऊन आलं आणि "चहा पिऊन येतो" म्हणून गेलं. मास्तरांनी जोडी हातात घेतली, सवयीने एक रिंग फिरवून पाहिली, आणि ती लोण्यासारखी फिरली. दुसरी जागेवरून हलली नाही.

त्यांनी दोन्ही रिंगा टेबलावर टाकून दिल्या.

रविवारी दुकान बंद असायचं. दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, ती परत दाराशी उभी आहे. झाकणाला कान लावून. काकांना आज काम नाही म्हणते..."

मास्तरांनी चपला अडकवल्या आणि दुकान उघडलं.

तेव्हापासून मास्तरांना सुट्टी नव्हती. अडकलेल्या जोड्यांचा डबा रिकामा झाला, तेव्हा ते चांगल्या रिंगा आपल्याच हातांनी जाम करू लागले. "धरलंस?" म्हणायचं, टेबलाखालून टकटक ऐकायची आणि फिरवायचं. रोज तेच, आणि रोज तितकीच भीती. माणसाला कशाचीही सवय होते असं त्यांना वाटायचं, पण याची झाली नाही. "या वयात काय हा उत्साह!" फोटोवाले म्हणत. मास्तर हसत. टिकली खुशाल होती, शाळेच्या गमती फोनवर सांगत होती, आणि तेवढ्यासाठी ते मरेपर्यंत रिंगा फिरवायला तयार होते.

मग त्यांना ताप भरला. तरी दुपारी ते दुकानात येऊन बसलेच. अंग फणफणत होतं, डोळे मिटत होते, बोटांत त्राण नव्हतं. चाचपडत डब्यातली एक वस्तू उचलून त्यांनी तळहातात धरली.

"आज नाही रे जमत," ते पुटपुटले. "मी नुसता धरतो... आजचा दिवस तूच फिरव."

विझल्या काडीचा वास दाट झाला. टेबलावरचा फोन थरथरू लागला, त्यावर लेकीचं नाव होतं. फोन घ्यायला त्यांनी एक हात पुढे केला, आणि दुसऱ्या हातातल्या वस्तूच्या कडेवर त्यांचं बोट घासलं.

तिथे कानसीची खूण होती. ती रिंग नव्हती. लेकीच्या दारातल्या झाकणाचा तो आतला भाग होता.

मास्तरांना मूठ उघडायची होती. ती उघडेना.

"मास्तर..." अगदी जवळून, दाराच्या पलीकडून यावा तसा दबका आवाज आला. "धरलंत?"

फोन वाजत होता. आणि मास्तरांच्या मोकळ्या हाताची बोटं, त्यांना न विचारता, टेबलावर दोनदा वाजली.