चूलबंद आमंत्रण

पावणं, पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड कुठं उतरवायचं म्हणून इचारताय न्हवं? बसा. सांगतो. पण मधी बोलू नका, माझं डोकं आधीच जाग्यावर न्हाय.

आमच्या निशिगंधाचं पयलं लगीन मोडलं ते गरम पाण्यापायी. खोटं न्हाय सांगत. नवऱ्याकडची माणसं आमी शाळेत उतरवलती. सकाळी बंब पेटला न्हाय. नवऱ्याचा मामा गार पाण्यानं आंघोळ करून जे भडकला, ते वऱ्हाड घेऊनच माघारी गेला. पोर हिरव्या चुड्यात बसून ऱ्हायली. फुडं तीन वर्सं ती कुणाच्या लग्नाला गेली न्हाय. म्हणून पुण्याचं स्थळ जमलं तवा म्या ठरीवलं, औंदा काय कमी पडू द्यायचं न्हाय.

दोन हॉटेलं नजरंत होती. एक ताराबाई पार्कात, जुना बंगला नटवून केलेलं, मोजक्या खोल्या. त्याला बुटिक म्हणायचं म्हणं. पोरीनं मोबाईलवर फोटू बघून तेच धरून ठेवलेलं. दुसरं हायवेकडं, चौदा मजली, काचंचं, लिफ्ट, पोहायचा तलाव. हे का ते, हे का ते, माझी झोप उडाली बगा.

एक दिवस दुपारी गावासनं, बिद्रीसनं निघालो आणि आधी बंगल्यात गेलो. पत्रिका वाटायचं काम चालूच होतं, त्यामुळं अक्षतांची पिशवी खांद्यालाच. काउंटरवर सुष्मिता नावाची पोरगी होती. तिनं खोल्या दावल्या. शिसवी पलंग, पितळी नळ, आणि नळाला कडक पाणी! मन भरलं. तेवढ्यात तिला फोन आला, म्हणून मी एकटाच मागच्या बाजूला गेलो.

तिथं धुराचा वास आला. भाकरीचा बी. एक दार उघडंच होतं. आत अंधार, आणि चुलीफुडं नऊवारीतली एक म्हातारी. पलीकडं भिताडाकडं तोंड करून माणसं जेवायला बसलेली, निस्त्या पाठी दिसत होत्या. मला वाटलं, मालकाच्या घरची असतील.

"कुणाच्यात लगीन?" म्हातारीनं वळून न बघताच इचारलं.

आता इचारल्यावर रिकाम्या हातानं कसं फिरायचं? पत्रिका दिली, तळव्यावर अक्षता ठिवल्या. आणि जे घरोघरी बोलत होतो तेच तोंडात आलं. "चूलबंद आमंत्रण हाय आक्का. त्या दिवशी तुमच्यात चूल पेटवायची न्हाय, सगळ्यांनी आमच्याकडंच यायचं."

"सगळ्यांनी...?"

"व्हय की! एकानं बी मागं ऱ्हायाचं न्हाय."

भिताडाकडची माणसं जेवायची थांबली. म्हातारीनं तांब्या उचलला आणि चुलीवर वतला. चर्र... वाफ उठली, ओल्या राखंचा वास नाकात घुसला. माझ्या अंगावर काटा आला. का, ते तवा कळलं न्हाय.

बाहेर येऊन सुष्मिताला म्हटलं, "तुमची आक्का भारी हाय."

"कोण आक्का? काका, आमच्यात सैपाकघरच न्हाय. जेवण बाहेरनं येतं."

मागं नेऊन तिनं दावलं. गाड्या लावायची जागा, फरशी. दार न्हाय, काय न्हाय. ऊन लागलं असंल, म्हटलं मी. पण मग पत्रिका कुठं गेली? आणि माझ्या चपलंला ही ओली राख कुठली? आयला, काय कळंना झालं. तसाच हायवेला गेलो आणि चौदा मजली हॉटेल ठरवून टाकलं. पोर रुसली. तिला काय सांगणार?

लगीन झकास झालं. विहीणबाई संयोगिताताई खूश. "दादा, व्यवस्था अगदी छान हो!" म्हणाल्या, तवा मला रडूच आलं. पण शेवटच्या पंगतीला एक रांग भिताडाकडं तोंड करून बसलेली. आमच्या माणसांना वाटलं नवऱ्याकडची, त्यांना वाटलं आमची. लग्नात असं चालतंयच की. मी जवळ गेलो न्हाय. भ्यालो, सरळ सांगतो.

तिसऱ्या दिवशी पुण्यासनं पोरीचा फोन. आवाज बारीक केलेला.

"पप्पा... पाठराखीण म्हणून कुणाला धाडलंय?"

"कुणाला न्हाय. तुझी आत्या येणार हुती, तिचं गुडघं धरलं."

"मग गाडीत माझ्या शेजारी कोण बसून आलंय...? सैपाकघरात बसून असती. भिताडाकडं तोंड करून. ती आल्यापासनं हितला गॅस पेटंना. कधी जाणार म्हणून इचारलं, तर म्हणती, चूल इझवून आलोय आमी... आता माघारी कुठं जायचं?"

तेवढ्यात विहीणबाईंनी फोन घेतला. आवाज गोड, पण खालनं धार.

"दादा, या आजी तुमच्याकडच्याच ना? आमच्याकडे कुणीच ओळखत नाही."

सांगा पावणं, काय बोलणार? न्हाय म्हणावं, तर ही कोण बाई तुमी आमच्या घरात घातली म्हणून पोरगी परत येणार. एकदा गरम पाण्यानं घालवलं, आता ह्यानं. आणि आमंत्रण तर म्याच दिलेलं, ह्या तोंडानं.

"व्हय," मी म्हटलं. "आमचीच हाय."

पलीकडं कुणीतरी समाधानानं सुस्कारा सोडला. ती विहीणबाई न्हवती.

फोन ठिवतोय तवर आमची कारभारीण चिमणाबाई आतनं वरडली, "अवो, गॅस कसा इझला? आणि ही ओली राख कुणी सांडली हितं...?"