धांड्याची चिमणी

भाताच्या गंजावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. चुलीपाशी बसलेल्या अंजनाने ते बाजूला सारलं, तशी भिंतीपलीकडून लिलाबाईच्या रेडिओतली गिटार ऐकू आली.

तिचा हात वाफेतच राहिला.

एक लांब, एक आखूड, मग थांबा. घरच्या पाळण्याची कडी अशीच करकरायची. त्याच ठेक्यावर देवमन तान्ह्या विजूसाठी गाणं जुळवत बसायचा. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा तिचा नवरा. चार वर्षांमागं रिठदहून मालेगावला निघाला तो वाटेवरच्या विहिरीतच सापडला. पाय घसरला, असं पंचनाम्यात आलं.

रेडिओत ढोल वाढले, सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर धावून आला आणि त्यावर चढला तो आवाज इंद्रभानचा. देवमनचा जिवलग जोडीदार. चोरी कळायला अंजनाला दोन ओळी पुरल्या. पण शेवटचं कडवं आलं आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

"पाळण्यावर बसली धांड्याची चिमणी,
लाल दोरा पायात, उडेल कशी?"

विजू भिंतीला कान लावून उभी होती. "माय, काहून रडून राह्यली?"

"रडत नाई वं. वाफ गेली डोयात."

संध्याकाळी ती लिलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"काकी, तुमच्या बकरीनं माह्या पाळण्याचे चिंध्यांचे पोपट खाल्ले, याद हाय?"

"अवं, ते बकरी मेली कवाची! आता कायले उकरून काढतं? भांडली होती ना तवा पोटभर? सारी गल्ली गोळा केली होती तुनं."

"कोनता दिवस होता तो?"

"तोच. सकाळी भांडलो, अन् सांजेले देवमन..." लिलाबाईने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी अंजनाने पंचनामा करणाऱ्या जमादार हरिसिंगला गाठलं.

"सायेब, तवा इंद्रभान काय बोलला होता?"

"आठ दिवसांत देवमन दिसलाच नाई, म्हणला. त्या रोजी तो आसेगावले घरीच होता म्हणे. काहून?"

"शनिवारी मालेगावले त्याचा प्रोग्राम हाय. म्होरं बसा. कपडे साधे घाला."

शनिवारी मंडप गच्च भरला. चकाकता कोट घातलेला इंद्रभान माइकसमोर आला. गाण्याआधी त्या गाण्याची कहाणी सांगायची, ही त्याची रीत. लोक तेवढ्यासाठीही येत. त्याने गळा दाटून आणला. "हे गाणं म्या माह्या मेलेल्या दोस्तासाठी म्हणतो..."

बायकांत लिलाबाईशेजारी बसलेली अंजना उठली. कडेवर विजू.

"भाऊजी, इचारू का एक?"

तो हसला. "इचारा ना, वैनी! ही देवमनची घरवाली, मंडळी." टाळ्या पडल्या.

"गाणं केलं कोनं?"

"म्याच."

"कवा?"

"देवमन जायच्या महिनाभर आधी. त्याले आइकवलं, तं लेकरावानी रडला."

"चिमणीचं कडवं बी तवाच?"

"सारंच. तुमच्याच घरी, पाळण्यापाशी बसून. चिमणी दिसली अन् सुचलं."

"डोयानं पाह्यली तुमी ते चिमणी?"

"पाह्यली म्हंजे? हातात घेतली!"

अंजना मंडपाकडे वळली. चार वर्षं जे आत कढत होतं, ते आता बाहेर आलं. पण आवाज चढला नाही.

"आइका, मंडळी. माह्या पाळण्यावर चिंध्यांचे पोपट होते. ह्या लिलाबाईच्या बकरीनं ते खाल्ले, ते देवमन मेला त्याच सकाळी. सारी गल्ली साक्षीले हाय. पोर रडाले लागली, म्हणून त्यानं ज्वारीच्या धांड्याची चिमणी केली. माह्या लुगड्याचा लाल दोरा काढून तिच्या पायात बांधला. कडवं तिथंच जुळवलं, एकडाव म्हटलं, अन् गिटार घेऊन निघाला. सांजेले त्याले आणलं. सासूनं पाळणा उतरवला, चिमणी म्या त्याच्या सरणावर ठेवली. एका दिवसाची चिमणी ते. तुमाले महिनाभर आधी कशी दिसली, भाऊजी?"

ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या.

"ते... त्यानंच सांगितलं असन."

"कवा? तुमी तं आठ दिवस भेटलेच नोयते." हरिसिंग पुढच्या रांगेतून उठला. "माह्यापुढं बोललात."

"हे कडवं त्या दिवशी घराबाहेर नेलं ते एकट्या देवमननं," अंजना म्हणाली. "वाटेत तुमी भेटले. त्यानं हौसेनं म्हणून दाखवलं. मंग विहीर आली."

इंद्रभानचा चेहरा पिळवटला. "रेकॉर्डवाल्यानं एकट्या त्यालेच बोलावलं होतं! दहा वर्सं सोबत गायलो, अन् देवमन मले म्हणे, तू घरीच राय! म्या नुसता ढक..."

माइक चालूच होता. तो अर्धा शब्द बाजारपेठेपर्यंत पोचला.

हरिसिंगने त्याचा दंड धरला. बायकांतून कुणीतरी चप्पल फेकली. अंजना जागची हलली नाही. त्याचा तो कोट, ती पांढरी पडलेली मान, सगळं तिने डोळे भरून पाहून घेतलं. ह्याच घटकेसाठी तिने शनिवारपर्यंत ते गाणं लिलाबाईच्या रेडिओवर रोज ऐकलं होतं, शब्दन् शब्द पारखला होता.

परतीच्या एसटीत विजू मांडीवर पेंगुळली. अंजनाने तिला थोपटलं. वाटलं, आज त्याच्यासारखंच म्हणावं, त्या सकाळी म्हटलं होतं तसं. तिने डोळे मिटले, देवमनचे ओठ आठवले. ओठ हलले. पण कानात आला तो इंद्रभानचा आवाज. तिने पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तोच.

विजूने मान वर केली.

"माय, बाबाचा आवाज कसा होता वं?"