सवतीची शेवटची फेरी

दीपगृहाच्या बेटाला वळसा घालायचा आणि सुखरूप घरी यायचं, एवढाच बेत होता. जमलं तर बोट घरात राहणार, नाही जमलं तर विकून टाकायची. ही अट बायकोची. नवऱ्याने ती मान्य केली, पण लेकीमार्फत. कारण दोघांत अबोला चालू होता.

नवरा दाताचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि सुट्टी मिळाली की शिडाच्या बोटीवर जाऊन बसायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. नातेवाईक त्याला ‘कप्तान’ म्हणायचे आणि बायको बोटीला ‘सवत’. घरातल्या घरात तो हसण्यावारी न्यायचा. पण बोटीला रंग द्यायला आलेल्या माणसासमोर ती बोलून गेली, “सवतीला लाली लावताय होय? लावा, लावा!” त्या दिवसापासून कप्तानाने तोंडाला कुलूप घातलं. तीही काही कमी नव्हती. पडदे आणि गाद्या शिवणाऱ्या त्या बाईची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची, ती तिने खणात ठेवून दिली.

मग सगळा संसार लेकीच्या तोंडून. “आईला सांग, मला चहा नको.” “बाबांना सांग, केलेलाच नाहीये.” निरोप पोचवून पोचवून लेक टेकीला आली होती. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दूरदेशी जाणार होती. त्यानंतर या घरात कोण कोणाशी बोलणार, या विचाराने आईला धडकी भरायची. तसं पाहिलं तर सवतीवरून भांडणं हेच दोघांचं उरलेलं बोलणं होतं, आणि आता तेही बंद पडलं होतं.

पहिला दिवस छान गेला. निळ्या पाण्यावर ऊन पसरलं होतं, शीड भरलेलं होतं, आणि आपण शिवलेल्या गाद्यांवर पाय पसरून बसताना तिला सवत थोडी आवडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसायला लागलं. दीपगृहाचा पांढरा बुंधा ओळखू येत होता. आणि तेवढ्यात वारा उठला!

बोट एका कुशीवर कलली. कपाटातली भांडी धडाधड खाली आली. लेक बाकावर आडवी पडून उलट्यांनी बेजार झाली होती. आई भांडी गोळा करायला खाली उतरली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात गेला.

“पाणी!” ती किंचाळली. “बोटीत पाणी आलंय!”

हे तिने कोणाला उद्देशून म्हटलं, ते विचारायला कोणाला सवड नव्हती. कप्तानाने सुकाणू बांधलं आणि तो खाली धावला. पंपाची कळ दाबली. पंप घुर्रर्र करून गप्प झाला. बाकाखालच्या बॅटऱ्या बुडाल्या होत्या. म्हणजे इंजिन गेलं. रेडिओही गेला! तो हातपंपावर तुटून पडला. चार दणके, आणि पंपाने पाणी खेचणं थांबवलं.

तिने पाण्यात हात घालून पंपाची नळी उपसली. तोंडाशी निळ्या कापडाचा बोळा अडकला होता. दोरे, चिंध्या, कातरलेल्या कडा. गाद्या तिने इथेच बसून बेतल्या होत्या, आणि कचरा फळ्यांच्या फटीतून खाली लोटला होता. खाली कोण बघतंय, म्हणून.  तिने बोळा ओढून काढला आणि मुठीत लपवला.

“कणा उखडला बहुतेक,” कप्तान स्वतःशीच पुटपुटत फळ्या उचकटत होता. “तळ फुटला!”

तळ फुटला नव्हता. ती संडासाचं दार उघडून बघते तर भांडं काठोकाठ भरून ओसंडत होतं. बोट कलल्यामुळे भांडं समुद्राच्या पातळीखाली गेलं होतं, आणि भांडं धुवायला समुद्राचं पाणी आणणाऱ्या उघड्या नळाने समुद्रच खुशाल आत येत होता!

तिने नळावरचा व्हॉल्व्ह फिरवला. धार थांबली.

“आई,” बाकावरून लेक रडत म्हणाली, “बाबांनी मघाशी सांगितलं होतं तुला सांगायला, व्हॉल्व्ह बंद कर म्हणून. मला उलटी आली गं. राहूनच गेलं.”

आई आणि बाबा, दोघांनीही खाली पाहिलं. दोन हातांवर बायको उभी असताना तो निरोप लेकीकडे देऊन मोकळा झाला होता.

बादल्या सुरू झाल्या. उपसा! ओता! उपसा! पण पोटात पाणी घेऊन जडावलेली बोट आता सुकाणूला जुमानत नव्हती. वाऱ्याने शीडही फाडलं होतं आणि तो तिला बेटाकडे ढकलत होता. डावीकडे काळे खडक, उजवीकडे काळे खडक, आणि मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. फाटलेल्या शिडावर वळून बाहेर पडणं अशक्य होतं. पट्टीकडे मात्र जाता आलं असतं.

कप्तानाला ते दिसत होतं. तरी त्याचे हात हलेनात.

“अहो!” ती ओरडली. “वाळूवर घाला!”

“फुटेल गं ती!” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

“फुटू दे! पोरगी आहे बोटीत!”

त्याने डोळे मिटले, उघडले आणि सुकाणू ओढलं. लाट आली. दुसरी आली. मग असा दणका बसला, की तिघंही एकमेकांवर आदळली! बोटीच्या कण्याचा कडाडून आवाज झाला. लाइफ जॅकेटं घातलेलीच होती. लेकीला मध्ये धरून दोघांनी उड्या टाकल्या. गळ्याएवढं पाणी, मग छातीएवढं, मग गुडघ्याएवढं.

जीव वाचले होते. बेटाला वळसा काही झाला नव्हता.

लेक जरा सावरली आणि दीपगृहाकडे माणसं शोधायला चढून गेली. ती दोघं वाळूवर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर प्रत्येक लाटेगणिक सवतीची एकेक फळी निखळत होती. शिवलेल्या निळ्या गाद्या पाण्यावर तरंगत होत्या. ती हुंदके देऊन रडली. असं रडायला येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. मुठीत ओल्या चिंध्यांचा बोळा तसाच होता.

 मग समुद्राकडेच बघत कप्तान म्हणाला, “आईला विचार, थंडी वाजतेय का.”

मधली जागा रिकामी होती. लेक वर टेकडीवर ठिपक्याएवढी दिसत होती.

“वाजतेय,” ती म्हणाली.

त्याने अंगातला शर्ट काढला. तोही ओलाच होता.