पोशेऱ्याच्या राजाचे डोळे

पोत्याच्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

जव्हारहून मोखाड्याला निघालेल्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर कोंबून बसले होते. समोरच्या मुलाच्या मांडीवर ते पोतं होतं. कुणाची पिशवी नुसती लागली तरी तो दोन्ही हातांनी ते जवळ ओढून घ्यायचा. बाहेरून मोहाच्या फुलांचा गोडसर वास येत होता, पण माझं लक्ष त्या डोळ्यावरून हलेना... मोठा, लाकडी, रंग उडालेला डोळा.

“काय आहे पोत्यात?” मी विचारलं.

“पपई,” तो म्हणाला आणि हसला. हसू छान होतं, म्हणूनच मला जास्त संशय आला.

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. आई म्हणते, मी देवळातल्या पुजाऱ्याकडेसुद्धा पोलिसासारखी बघते. पण या वेळी कारण होतं. मी, रविना, नाशिकला एम.ए. करते, आणि लघुप्रबंधाचा विषय पक्का करायला पोशेऱ्याला मावशीकडे निघाले होते. येत्या रविवारी तिथे बोहाडा होता, म्हणजे आमच्याकडचा मुखवटे घालून नाचायचा उत्सव. त्यातल्या रावणावर मला लिहायचं होतं. लंकेचा इतका जुना राजा, त्याचं रूप आमच्या डोंगरात अजून कसं टिकून राहिलं, कुणी टिकवलं, असा माझा विषय. सरांना तो पटत नव्हता. त्यांनी माझ्यासाठी सम्राट अशोक आणि शाळेची पाठ्यपुस्तकं असा विषय काढून ठेवला होता. मुखवटा डोळ्यांनी बघून, तो कोण रंगवतं आणि कसं जपतं हे सोमवारी लिहून आणलंस तर रावण, नाहीतर अशोक, असं त्यांनी बजावलं होतं. अशोकाशी माझं काही वाकडं नाही, पण वर्षभर ग्रंथालयात बसायच्या विचारानेच मला जांभया येत होत्या. आणि जुने मुखवटे चोरून विकतात, अशी कुजबुज मी निघतानाच ऐकली होती. त्यामुळे त्या पपईवाल्याचा चेहरा मी नीट लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी हिरामावशी मला वामनकाकांकडे घेऊन गेली. रावणाचा मान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. मुखवटा त्यांच्याच घरी राहायचा, दरवर्षी त्याचे डोळे घरातल्या कर्त्या माणसाने रंगवायचे आणि तो घालून त्यानेच नाचायचं, अशी रीत. काका म्हणाले, राजा माळ्यावर आहे, शनिवारी खाली उतरेल, त्याआधी कुणाला दिसायचा नाही. तेवढ्यात त्यांच्या मागे पपईवाला येऊन उभा राहिला. मला बघून त्याचं तोंड उतरलं. मग बापाच्या पाठीआडून त्याने मला चक्क हात जोडले.

“हा माझा तुषार,” काका म्हणाले. “मोखाड्यात मोबाइल नीट करतो.”

मी गप्प बसले. का बसले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. निघताना तुषारने मला कुंपणापाशी गाठलं.

“विकायला नेला होतास?” मी हळूच विचारलं.

“आणि तू... विकत घ्यायला आलीस?”

म्हणजे त्यालाही माझा संशय होता. मला उगीचच बरं वाटलं.

मग आमचा सौदा ठरला. मी तोंड उघडायचं नाही, आणि त्याने माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो मावशीच्या अंगणात यायचा, खिशातून करवंदं काढायचा आणि खुशाल थापा मारायचा. रावणाचा रंग आधी लाल होता म्हणायचा, दुसऱ्या दिवशी हिरवा. मी पकडलं की म्हणायचा, “तू अशी बघतेस ना, की मी खरं असलेलंही विसरतो.” मी खाली मान घालून लिहायचे, आणि तो माझ्याकडे बघतोय हे मला न बघताही कळायचं. तो मला आवडायला लागला होता. अगदी सरळ सांगायचं तर, खूप आवडायला लागला होता. आणि तिथेच माझा संशय दुप्पट झाला. हा गोड बोलून माझं तोंड बंद ठेवतोय, दुसरं काय?

शनिवारी सकाळी त्याच्या नखांत हिरवा रंग दिसला. दाराला लावत होतो, म्हणाला. त्यांचं दार निळं होतं. तो वळला तशी मी गुपचूप त्याच्या मागे गेले.

गोठ्यात पेंढ्यावर रावण ठेवलेला होता. दहाही तोंडं जागच्या जागी, रंग ओला. पण मधल्या तोंडाचे डोळे... रावणाचे डोळे रागाने वटारलेले असतात. हे बारीक झालेले होते, एक भुवई किंचित वर. राजा समोरच्याचा एक शब्दही खरा मानत नव्हता.

तुषार मागे येऊन उभा राहिला. या वेळी त्याने थाप मारली नाही. वामनकाकांना मोतीबिंदू होता. गेल्या वर्षी रावणाचा एक डोळा गालावर उतरला, गावातली पोरं हसली, आणि काकांना वाटलं, राजाला बघून खूश झाली. म्हणून तुषार मुखवटा चोरून जव्हारच्या एका पेंटरकडे घेऊन गेला. दुसऱ्याच्या मानाचे डोळे मी रंगवणार नाही, म्हणून त्याने परत पाठवला. काकांना दिसत नाही हे गावाला कळलं, तर मान चुलत्यांच्या घरी जाईल, ही तुषारला भीती. मग स्वतःच बसला रंगवायला.

“रागीट काढायचे होते,” तो म्हणाला. “पण आठवडाभर समोर हेच डोळे होते, रविना. दुसरे आठवेचनात.”

माझ्या तोंडातून मात्र निघालं, “हे मला गप्प करायला बोलतोयस ना?”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मलाही आता सगळं दिसत होतं. काकांनी रंगवला असं लिहिलं तर ते खोटं, आणि खरं लिहिलं तर त्यांचा मान जाणार.

“मी अशोक घेते,” मी म्हणाले. घरी आले आणि बॅग भरायला घेतली. मला रडू येत होतं, ते कुणासाठी ते विचारायची हिंमत नव्हती.

दुपारी वामनकाकांनी मला आणि मावशीला बोलावणं धाडलं. ओटीवर त्यांचे भाऊबंद बसले होते. तुषारने बापाला सगळं सांगून टाकलं होतं. काकांनी रावण चेहऱ्याजवळ धरला, उजेडाकडे वळवला, डोळ्यांवरून बोट फिरवलं.

“मना दिसत नाय, ते मना कवाच कळलं होतं,” ते म्हणाले. “पन पोर मोबाइलवाला झाला. मना वाटला, त्याला राजा नकोच. म्हणून मीच ओढीत राहिलो.”

काकांनी सगळ्यांदेखत मुखवटा त्याच्या हातात दिला. बापाने स्वतः दिला म्हटल्यावर भाऊबंदांना बोलायला जागाच उरली नाही. मग काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, डोळे पोराने रंगवले, असंच लिही. मावशीने एकदा मुखवट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला.

उन्हं उतरताना तुषार मला सोडायला निघाला.

“काकांना का सांगितलंस?” मी विचारलं. “माझ्या विषयासाठी?”

“तू बॅग भरतेस, हे मावशी बोलली म्हणून.” तो थांबला. “विषय कुठलाही घे. पण तू... मला आवडतेस.”

“हे खरं कशावरून?”

“तपासून बघ. प्रबंधाला वर्ष आहे ना?”

मी त्याचा हात हातात घेतला. हिरवा रंग अजून सुटला नव्हता.

“वर्ष पुरायचं नाही,” मी म्हणाले.